भाजल्यावरील मलमाची पारख

बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक घरीं चुलीपाशीं हात भाजला, कीं परसांतील कोरफड कापून लावतात. पुढें जखम भरते आणि यश औषधाच्या पदरीं पडतें. पण किरकोळ भाजलेलें आपोआपही बरें होतें. तेव्हां गुण पाल्याचा कीं निसर्गाचा?

याचा निवाडा तुलनेनेंच होतो. नैतिक समितीच्या संमतीनें प्रयोगशाळेंतील उंदरांचे गट करितात. एका गटास वनस्पतीचें मलम, दुसऱ्यास त्यांतील नुसता मेणतेलाचा आधार, तिसऱ्यास रुग्णालयांतील सिल्व्हर सल्फाडायझिन. जखमा मात्र सारख्याच असाव्या लागतात. त्यांचें क्षेत्रफळ ठराविक दिवशीं मोजतात व नवी त्वचा केव्हां आली तें टिपून ठेवतात. आधारानेंही तितकाच गुण आला, तर वनस्पतीचा दावा फोल ठरतो.

माणसांवरील अशी तुलना सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. सुब्रह्मण्यम् यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. रुग्ण १०४, गट दोन. पंधरा दिवसांत मधानें ८७ टक्के जखमा भरल्या, सिल्व्हर सल्फाडायझिननें १० टक्के. परंतु १९९९ सालीं त्यांनींच दाखविलें, कीं मध्यम स्वरूपाच्या भाजण्यांत मृत त्वचा लवकर काढून नवी त्वचा बसविणें मधाहूनही श्रेयस्कर. खरी परीक्षा आवडत्या औषधाचीही मर्यादा सांगते.

घरीं मात्र प्रथम वीस मिनिटें वाहतें गार पाणी. आणि जखम मोठी वा खोल असल्यास कोणतेंही मलम न लावतां तडक रुग्णालय गांठावें.