सरळ माझ्या अंगावर ये

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. परभणीच्या वसमत रोडवरची भाड्याची खोली, कूलरची घरघर, आणि पडद्यावर ‘वॉर थंडर’ हा लढाईचा व्हिडिओ गेम. खुर्चीत बसलाय त्याला सगळे दादाच म्हणतात. बाकीचे तिघं हेडफोनमधून बोलतायत. लढाईत नावं घेत बसायला वेळ नसतो, म्हणून ज्याच्या त्याच्या गावाचीच हाक.

“सेलू, उंची किती?”

“तीन हजार, दादा.”

“तिथंच थांब. जिंतूर, तू खाली नको जाऊ. गंगाखेड, डावीकडं बघ.”

गंगाखेड गप्प. लाइट गेली असणार. दादा हळहळत बसत नाही. “तिघंच आहोत. जवळ जवळ रहा.”

या प्रकारच्या डावात विमान एकच मिळतं. पडलं की तुमच्यापुरता खेळ खलास. आपल्याकडं अमेरिकी वाइल्डकॅट, समोर जपानी झिरो. झिरो हलकं, जागच्या जागी वळतं. त्याच्याबरोबर गिरक्या घ्यायच्या नाहीत, हे दादानं सुरुवातीलाच बजावलंय. तरी जिंतूर मोहात पडतोच.

“दादा, मागं यायलाय! मागं यायलाय!”

दादाचा आवाज चढत नाही. “उजवीकडं वळ. सरळ माझ्या अंगावर ये.”

दोन्ही वाइल्डकॅट समोरासमोर धावतात, घासून जातात, आणि जिंतूरच्या मागं लागलेलं झिरो थेट दादाच्या बंदुकांपुढं येतं. अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये घरच्या टेबलावर आगपेटीच्या काड्या मांडून हा डाव बसवला, आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत स्वतः वापरला. एकट्याला तो जमतच नाही. शेपटीवर शत्रू असताना जोडीदाराच्या अंगावर विमान घालायचं, तर त्याच्यावर तेवढा भरवसा हवा.

झिरो धूर सोडत वर पळतं. दादा पाठलाग करत नाही. “सेलू, तुझा आहे तो. घे.”

सेलू वरून सुटतो. झिरो पेटतं. सेलू एनडीएची तयारी करतोय. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी २०२१ मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले, हे त्याला तोंडपाठ आहे. खेळातलं आणि खरं विमान यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण आधी ठिकाण सांगावं आणि मग ओरडावं, ही शिस्त तो इथं शिकतोय.

मी दादाच्या डाव्या हाताकडं बघतोय. तर्जनी सारखी ‘सी’ बटणावर. ते दाबून धरलं की मान वळवून मागं पाहता येतं. पुढच्या शत्रूपेक्षा मागच्या दोघांवरच त्याची नजर जास्त. डाव जिंकला तेव्हा गुणफलकावर त्याच्या नावापुढं एकही विमान नाही, फक्त मदतीचा एक गुण. मला विचाराल, तर ही लढाई त्यानंच जिंकून दिली; फलकावर त्यासाठी रकानाच नाही.

गंगाखेड परत येतो. “काय झालं रे?”

“जिंतूर वाचला. पुढच्या डावात तू माझ्या उजवीकडं.”

“आणि मी?” जिंतूर विचारतो.

“तू सेलूच्या मागं. आणि गिरकी घ्यायची नाही.”