महाबळेश्वर एका दिवसात, साडेचारशे रुपयांत

गटाच्या बैठकीत आपण कर्ज बोलतो, हप्ता बोलतो, शेळ्यांचा विमा बोलतो. आज जरा वेगळं बोलू. आज फिरायला जायचं बोलू.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या बैठकीत एकीनं सहज विचारलं, “आपण साताऱ्याच्या बाया. सगळा मुलूख महाबळेश्वरला येतो. आपल्यातल्या किती जणींनी बघितलंय?” तेरा जणींत दोन हात वर झाले. एक नवी सून, तिला लग्नानंतर नेलं होतं. दुसऱ्या आमच्या आक्का, साठी उलटलेल्या. त्या म्हणाल्या, “म्या गेलीया, पर बघाय न्हाई. बंगल्याच्या कामावर दगडं व्हायला गेलती. दोन हंगाम.”

दोन हंगाम तिथं राहिलेली बाई, आणि एक पॉइंट बघितलेला नाही. त्या दिवशी ठरलं, जायचं. लगेच दुसरी म्हणाली, “तिथं एका रात्रीला जेवढं भाडं घेतात, तेवढ्यात आपलं महिन्याचं वाणसामान येतं.” तेही खरंच होतं. म्हणून आम्ही आधी कागद घेऊन बसलो आणि महाबळेश्वरात महाग काय आहे ते लिहून काढलं. मुक्काम महाग. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना महाग. घोड्यावरची रपेट, बोटिंग, खेळ, काचेच्या ग्लासातली क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी महाग. मग दुसऱ्या बाजूला फुकट काय ते लिहिलं. डोंगर, दरी, वारा, देऊळ, नदीचा उगम, तळ्याचा काठ. बघायला जायचं ते सगळं दुसऱ्याच बाजूला निघालं. म्हणजे मुक्काम टाळला, आठवड्याचा मधला वार धरला आणि डबा घरून नेला, की आपल्याला परवडतं.

पैसे कसे जमवले

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. गटाच्या बचतीतला एक रुपयाही सहलीला वापरायचा नाही. ते पैसे कर्जाचे, अडीनडीचे. ते मौजेत गेले तर गावाला बोलायला जागा मिळते आणि आपलाही हिशोब बिघडतो. आम्ही वेगळा डबा केला, वेगळी वही केली. ८ मार्चला, महिला दिनाला सुरुवात. आठवड्याला १० रुपये. पंचेचाळीस आठवड्यांत एकीचे ४५० रुपये झाले. एखादीचा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी २० द्यायचे, दंड नाही. आणि जिला ऐनवेळी जमणार नाही तिचे सगळे पैसे परत, कारण विचारायचं नाही.

हा नियम उपयोगी पडला. तेरा जणींतली एक आली नाही. “त्यापेक्षा घरात पत्र्याला लाव ते पैसे,” असं तिला घरून सांगितलं गेलं. तिचे ४५० तिच्या हातात दिले. आम्ही तिच्या घरी जाऊन एकदा बोलायला हवं होतं. बोललो नाही, ही आमची चूक. पुढच्या वेळी बाकीच्या घरांतही आधी जाऊन सांगणार आहोत की कुठं जातो, किती वाजता येतो, खर्च किती.

जायचं कसं

१७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना राज्यात अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तर तिकीटच नाही, आधार कार्ड दाखवायचं. महाबळेश्वर आपल्या हाताशी आलं ते या अर्ध्या तिकिटानं.

आम्ही जानेवारीतला शेवटचा बुधवार धरला. कोरेगावातून सकाळी सहाची गाडी, साताऱ्याला बदल, पुढं मेढा आणि केळघरचा घाट. दुसरा रस्ता वाईहून पसरणीच्या घाटानं पाचगणीवरून जातो. सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्यांची रांग लागते. मेढ्याचा रस्ता वेण्णा नदीच्या खोऱ्यातून जातो. हीच वेण्णा पुढं संगम माहुलीला कृष्णेला मिळते, तिथं आपण दहाव्याला, अमावास्येला जातो. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या बाकावर बसावं, रिकाम्या पोटी बसू नये, आवळासुपारी जवळ ठेवावी. वर उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास. जानेवारीत सकाळी चांगलंच गार असतं. शाल नेलीच पाहिजे.

साडेनऊला उतरलो. पहिलं काम, परतीच्या गाड्यांच्या वेळा चौकशीच्या खिडकीवर विचारून वहीत लिहिल्या. शेवटच्या गाडीवर अवलंबून राहायचं नाही, तिच्या आधीची धरायची. दुसरं काम, स्टँडवरच स्वच्छतागृहात जाऊन आलो. पॉइंटवर सोय असेलच असं धरून चालू नये. सुटे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवावेत.

मग दोन गाड्या ठरवल्या, सहा-सहा जणींच्या. इथं आम्ही फसलो. गाडीला हजार रुपये असं बोललो, पण कुठं कुठं नेणार ते बोललोच नाही. दुपारी चालक म्हणाला, केट्स पॉइंट यात धरलेला नाही. गाडीमागं २०० रुपये जास्त गेले. तुम्ही ठरवताना ठिकाणांची नावं, किती वेळ थांबणार, पार्किंगची पावती कोण देणार आणि स्टँडवर किती वाजता परत सोडणार, एवढं सगळं बसायच्या आधी बोला. वहीत लिहून त्यांना वाचून दाखवा.

काय बघितलं

पहिल्यांदा क्षेत्र महाबळेश्वर, बाजारापासून साधारण सहा किलोमीटर. खरं तर महाबळेश्वर दोन आहेत. बाजार, बंगले, हॉटेलं आहेत ते इंग्रजांचं. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन ते वसवलं. त्याचं नाव माल्कम पेठ. साहेब लोक उन्हाळ्यात थंड हवेला यायचे. म्हणजे ते पैसेवाल्यांसाठीच बांधलं गेलं. पण क्षेत्र त्याच्या कितीतरी आधीचं. १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला इथंच केली. थंड हवेला साहेब यायच्या आधी आपले लोक इथं देवाला येत होते.

पंचगंगा देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. गोमुखातून पाणी सारखं पडत असतं. सरस्वती आणि भागीरथीही इथं प्रगटतात अशी श्रद्धा आहे. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथं गर्दी कमी असते. तिथून कृष्णेचं खोरं दिसतं. आमच्यातल्या एकीनं ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, “ह्याच्यावर आपला ऊस.”

पुढं आर्थर सीट. इथं पश्चिमेला कडा सरळ खाली तुटलेला आहे. खाली सावित्रीचं खोरं आणि कोकण. एकाच डोंगरावरून सावित्री अरबी समुद्राला जाते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला, आंध्रात. शाळेत हे पाठ केलं होतं, तिथं उभं राहिल्यावर कळलं. खालून वारा इतका जोरात वर येतो की बाटलीचं हलकं टोपण खाली टाकलं तर पुन्हा वर येतं, असं करून दाखवणारे भेटतात. तुम्ही टाकू नका, कचरा होतो. कठड्याच्या पलीकडं फोटोसाठी कुणीही जायचं नाही, हे गाडीतच ठरवून घ्यावं. माकडं पिशवी ओढतात, म्हणून डबा गाडीत बसून खाल्ला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी, आणि ज्यांनी वांगी आणली त्यांचं तोंडभरून कौतुक.

मग केट्स पॉइंट, ज्याचे २०० जास्त गेले. पण तेच पैसे सगळ्यांत सार्थकी लागले. तिथून खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. धोमचा कालवा आपल्या कोरेगाव तालुक्यात येतो. कालव्याला पाणी कधी सुटणार म्हणून आपण वाट बघतो, ते पाणी इथं पसरलेलं. आक्का बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “दोन हंगाम हितं ऱ्हायले, पर सांजच्याला चुलीपाशी. इकडं बघाय कुणी सांगितलंच न्हाई.” येताना गाडीतून त्या बंगला शोधत होत्या. सापडला नाही.

तीन वाजता वेण्णा तलाव. बोटीत बसलो नाही. काठावर बसून भाजलेलं कणीस खाल्लं. बोटीत बसायचं असेल तर त्याचे पैसे आधीच डब्यात जास्त जमवावेत. तिथं गेल्यावर एकीनं बसायचं आणि दुसरीनं काठावर थांबायचं, असं होऊ नये.

स्ट्रॉबेरी घेताना

इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. डिसेंबर ते मार्च हा भर हंगाम. रस्त्याकडेला वाफे दिसतात. उंच गादीवाफा, त्यावर मल्चिंगचा कागद, खाली ठिबक. आम्ही एका शेतात विचारून आत गेलो. तोडणीला बायकाच होत्या. पहाटेच्या गारव्यात तोडतात, कारण ऊन लागलं की फळ मऊ पडतं. फळाला हात न लावता देठ खुडायचा. त्यांची मजुरी आम्ही विचारली, आपली त्यांनी विचारली.

घेताना डबा उलटून खालचा थर बघावा. वर मोठी, खाली बारकी किंवा दबलेली असं असू शकतं. देठापर्यंत लाल असेल तीच घ्यावी. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी घरी आणून पिकत नाही. पिशवीत सगळ्यांत वर ठेवावी आणि रात्रीच वाटून टाकावी.

हिशोब

एकीचा खर्च असा: एसटी जाऊन-येऊन १४५, गाडी २००, चहा-कणीस आणि स्वच्छतागृह ४५, स्ट्रॉबेरी ५०. एकूण ४४० रुपये. भाडं वाढत असतं, म्हणून जाताना नव्यानं विचारून ठरवा. बारा जणींचे मिळून १२० रुपये उरले, ते डब्यातच आहेत.

पाच वाजताच्या गाडीला लागलो. मुंबई पॉइंटचा सूर्यास्त राहिला. तो बघायचा तर मुक्काम करावा लागतो. रात्री नवाच्या आत घरी होतो. सकाळी जनावरांची वैरण कापून ठेवलेली होती, रात्रीच्या भाकरी कुणाच्या सासूनं, कुणाच्या मुलानं केल्या होत्या. एका घरात भात-आमटीवर भागलं. कुणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर एक जण म्हणालेच, “बचत गटाच्या बाया आता हिल स्टेशनला.” आमच्या सचिवबाईंनी वही नेऊन त्यांच्यासमोर ठेवली. “वाचा. गटाचा पैसा कुठं दिसतोय का सांगा.” त्यांनी वाचली आणि विचारलं, गाडीला बाराशे जरा जास्त नाही का झाले? आम्ही म्हटलं, झालेच.

मैत्रिणींनो, काम आपल्याला कुठंही घेऊन जातं. ऊसतोडीला, बांधकामावर, खुरपणीला. बघायला मात्र आपल्यालाच ठरवून जावं लागतं. येत्या बैठकीत हात वर करायला सांगा. तुमच्या जिल्ह्यातलं नावाजलेलं ठिकाण कोणतं, आणि तुमच्यातल्या किती जणींनी ते बघितलंय? मग एक डबा आणि एक वही आणा.