माझे बोलणे का अडखळते?



या वेळच्या भित्तिपत्रकात कुणी पावसावर लिहिले आहे, कुणी शेळीवर. मी माझ्या बोलण्यावर लिहीत आहे. मी अडखळत बोलतो हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. पण का अडखळतो, ते पुष्कळांना ठाऊक नाही. गुरुजींनी आणि शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितले. तेच मी इथे सांगतो.

अडखळणे तीन तऱ्हेचे असते. पहिल्या तऱ्हेत अक्षर पुन्हा पुन्हा येते. जसे, पा-पा-पाणी. दुसऱ्या तऱ्हेत अक्षर लांबते. जसे, स्स्स्साखर. तिसऱ्या तऱ्हेत काहीच येत नाही. तोंड उघडे असते, पण आवाज आत अडकून बसतो. ही तिसरी तऱ्हा सगळ्यांत अवघड. कारण समोरच्याला वाटते, याला उत्तरच येत नाही.

पण तसे नसते. आपल्या विहिरीवरची मोटार चालू केली की कधी कधी पाइपात हवा अडकलेली असते. मग पाणी भस्‌ भस्‌ करीत, थांबत थांबत येते. म्हणून विहिरीत पाणी नाही असे कुणी म्हणते का? विहीर भरलेलीच असते. तसेच शब्द माझ्या डोक्यात असतो. बाहेर यायला वेळ लागतो एवढेच.

बोलताना छातीतली हवा, गळ्यातले स्वरयंत्र, जीभ आणि ओठ या सगळ्यांना एकाच वेळी काम करावे लागते. मेंदू त्यांना हुकूम देतो. माझ्यासारख्यांच्या मेंदूत या हुकमांची वेळ कधी कधी मागेपुढे होते. मग बोलणे अडते. जिभेला काही झालेले नसते. हुशारीचाही याच्याशी संबंध नसतो. पुष्कळदा हे घराण्यातून येते. माझे आजोबापण असेच बोलायचे, असे आजी सांगते.

आता काही खोट्या समजुती सांगतो. मला चिडवल्याने किंवा माझ्याशेजारी बसल्याने कुणी तोतरे होत नाही. हा काही खोकला नाही लागायला! भित्रा माणूसच तोतरा होतो, हेही खरे नाही. पण घाई केली, कुणी हसले किंवा भीती वाटली की अडखळणे वाढते. लहानपणी मला मधातून वेखंड चाटवले होते. वेखंडाने अडखळणे जात नाही. तोंडात खडे ठेवून बोलायला तर कुणालाच लावू नये. खडा घशात अडकला तर जिवावर बेतेल.

डॉक्टर म्हणाले की जगात शंभर माणसांत साधारण एक माणूस असा बोलतो. दोन ते पाच वर्षांची पुष्कळ मुले थोडे दिवस अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचे आपोआप थांबते. काहींचे राहते. मुलींपेक्षा मुलांचे जास्त राहते. माझे राहिले.

एक गंमत बघा. सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना मी अडखळत नाही. पाढे एका सुरात म्हणताना ‘सात सक बेचाळीस’ धडाधड येते. गाणे म्हणताना अडत नाही. आमच्या वासराशी बोलतानाही अडत नाही. पण गुरुजींनी उभे करून एकट्याला विचारले की तोच पाढा अडतो. म्हणून ‘मगाशी नीट बोललास, आता नाटक करतोस’ असे कुणी म्हणू नये. ते नाटक नसते.

अडखळणारी माणसे एक युक्ती करतात. अडणारा शब्द बदलून दुसरा घेतात. मीपण घेतो. दुकानात ‘काडेपेटी’ अडली तर ‘माचिस’ म्हणतो. पण स्वतःचे नाव कसे बदलणार? त्याला दुसरा शब्दच नाही. म्हणून अडखळणाऱ्यांना स्वतःचे नाव सांगणे फार अवघड जाते.

गुरुजी म्हणाले, “शब्द चुकवत बसलास तर तुझे सगळे लक्ष चुकवण्यातच जाईल. त्यापेक्षा अडू दे, पण जे बोलायचे आहे तेच बोल.” आता मी तसे करतो. आधी सांगून टाकतो, “मी अडखळतो, जरा थांबा.” एकदा सांगितले की लपवायचे काही राहत नाही आणि छातीतली धडधड कमी होते. पहिले अक्षर जोर न लावता हलकेच म्हणतो. वाचायला मित्राला बरोबर घेतो. दोघे मिळून सुरुवात करतो, मग तो थांबतो आणि मी पुढे वाचतो. याने अडखळणे संपत नाही. पण परिपाठात मी आता बातम्या वाचतो. पूर्वी वाचत नव्हतो.

तुम्ही काय करावे?

१. माझे वाक्य संपेपर्यंत थांबावे. मधेच माझा शब्द पुरा करू नये. पुष्कळदा तुमचा शब्द वेगळाच असतो!

२. माझ्या तोंडाकडे नाही, मी काय सांगतो त्याकडे लक्ष द्यावे.

३. ‘हळू बोल, श्वास घे’ असे सारखे म्हणू नये. आमची आजी म्हणायची, “दमानं बोल की रं, पळून चाललंय व्हय?” त्याने जास्तच अडायचे. आता ती गप्प बसून ऐकते.

४. पालकांनी मुलाला रागावू नये. स्वतः सावकाश बोलावे. वाचा उपचार करणारे तज्ज्ञ असतात. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा त्यांना विचारावे.

अडखळणारी माणसे मोठी कामेही करतात. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज फार अडखळत. लायनेल लोग नावाच्या शिक्षकांकडे ते कित्येक वर्षे सराव करीत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंड युद्धात उतरले, तेव्हा त्यांनी रेडिओवर सगळ्या देशाला भाषण केले. ई. एम. एस. नंबुद्रीपाद १९५७ साली केरळचे पहिले मुख्यमंत्री झाले. तेही अडखळत. त्यांना कुणीतरी विचारले, “तुम्ही नेहमी अडखळता का?” ते म्हणाले, “नाही, फक्त बोलताना!” अशी गोष्ट सांगतात. सिनेमातला हृतिक रोशनही लहानपणी अडखळायचा.

आपल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. जूनमध्ये आम्ही पाचवीला मोठ्या शाळेत जाऊ. तिथे मला कुणी ओळखत नाही. पहिल्याच दिवशी उभे राहून नाव सांगावे लागेल. मी ते सांगणार आहे. माझे नाव ‘प’ने सुरू होते, म्हणून बहुतेक अडेल. तेव्हा आपल्या शाळेतल्या मुलांनी माझे नाव माझ्या आधी सांगू नये, एवढी विनंती.

कुणाला आणखी काही विचारायचे असेल तर मधल्या सुट्टीत विचारावे. वेळ लागेल, पण मी सांगेन.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक १७