लांबचा विमानप्रवास आणि पोटऱ्या

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण १५ ते १६ तास लागतात. शरीर मात्र किलोमीटर मोजत नाही, खुर्चीत बसून काढलेले तास मोजते.

चालताना पोटरीचे स्नायू पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसून राहिले की हा पंप थंडावतो आणि पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतकाच असतो.

नातवंडांना भेटायला निघालेले आजी-आजोबा शेजाऱ्याला उठवण्याच्या संकोचाने हलत नाहीत, पाणीही पीत नाहीत. त्यापेक्षा वाटेलगतची जागा मागून घ्यावी, अधूनमधून फेरी मारावी, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी, गर्भवतींनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

गुठळीची लक्षणे प्रवासानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे. आणि विमानप्रवास झाल्याचे न विचारताही सांगावे.