छातीत कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका!

आपल्या वस्तीत मध्यरात्री कुणाच्या छातीत दुखू लागले, की घरातले म्हणतात, "गॅस झाला असेल." मग ओवा, सोडा, पाठीला बाम आणि "सकाळी बघू." खाडा पडेल, पैसे लागतील, या धास्तीने कर्ता माणूसही गप्प बसतो. बंधू-भगिनींनो, ही सहनशीलता जिवावर बेतते.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली, की हृदयाचा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण १२ तासांपर्यंत देतात. पण पहिल्या एक-दोन तासांत दिले, तर गुण सर्वांत जास्त.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, हात-जबडा-पाठीत कळ, दरदरून घाम, धाप ही लक्षणे ओळखा. माता-भगिनींना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत न दुखताही झटका येतो. नुसती मळमळ, थकवा, धाप जाणवते. रुग्णाला चालवू नका, जिने उतरायला लावू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत आहे.

काही वेळा उशीर घरी नव्हे, रुग्णालयाच्या दारात होतो. रुग्ण पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. तरी "खाट नाही" म्हणून गरिबाला परत पाठवले जाते. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचे सभासद हकीम शेख रेल्वेतून पडले. डोक्याला जबर मार लागला असतानाही एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना दाखल करून घेतले नाही. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने बजावले, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. शेख यांना २५ हजार रुपये भरपाई मिळाली.

तेव्हा उपचार ही कुणाची मेहेरबानी नव्हे. दारात हात जोडून उभे राहू नका. "आधी ईसीजी काढा," असे ठामपणे सांगा. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाचा आधार आपल्या पाठीशी आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढे करा : रात्री ईसीजी काढणारे जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी करून त्याचे नाव आणि १०८ हा आकडा फळ्यावर ठळक लिहा. घरातल्या लेकरांनाही तो पाठ असू द्या.

जयभीम!