डिझेलची स्वच्छता : ट्रॅक्टरच्या दीर्घायुष्याची गुरुकिल्ली

मृगाचा पाऊस स्थिरावला की गोव्यात सर्वत्र चिखलणीची लगबग सुरू होते. जमीन खाजन असो वा खेर, तरवा लावणीयोग्य झाल्यानंतर विलंब परवडत नाही. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर बंद पडला, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच हंगामाचे मोलाचे दिवस वाया जातात आणि तरवा जून झाल्याने उत्पन्नही घटते. अशा अनेक बिघाडांचे मूळ यंत्राच्या घडणीत नसून डिझेलबरोबर आत गेलेल्या धुळीत व पाण्यात असते. ही धूळ आणि हे पाणी थोड्याशा दक्षतेने बाहेरच रोखता येते.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगीची योजना नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन अत्यंत तप्त होते आणि तीत योग्य क्षणी डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. हा फवारा उडविण्याचे काम इंजेक्शन पंप व इंजेक्टर करतात. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये इंजेक्टर साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपासच्या दाबाला उघडतो. एवढा दाब निर्माण व्हावा म्हणून पंपातील दट्ट्या आणि त्याभोवतालची नळी, म्हणजेच कारागिरांच्या भाषेतील ‘एलिमेंट’, यांमधील फट मिलिमीटरच्या अवघ्या काही हजारांश भागाएवढी ठेवलेली असते. माणसाचा केस तिच्याहून कितीतरी पट जाड असतो. शिवाय या दोन भागांमध्ये डिझेल हेच वंगणाचेही काम करते.

साहजिकच डोळ्यांना न दिसणारा धूलिकणही तेथे कानशीसारखा घासत राहतो. एलिमेंट झिजला की दाब कमी पडतो. नोझलची छिद्रे किंवा बैठक खराब झाली की फवाऱ्याऐवजी थेंब गळू लागतात. मग इंजिन लवकर सुरू होत नाही, काळा धूर ओकते, ओढ कमी होते आणि डिझेल अधिक लागते. ५० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धूर-प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यामुळे अशा अनेक ट्रॅक्टरांत ‘कॉमन रेल’ पद्धत आली असून तिच्यातील दाब जुन्या पद्धतीच्या कित्येक पट असतो. अशा यंत्रांना अस्वच्छ डिझेल अधिकच घातक ठरते.

धुळीइतकाच दुसरा शत्रू म्हणजे पाणी. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा दीर्घकाळ दमट राहते. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर रात्रीच्या गारव्याने आतील दमट हवेतील बाष्प पत्र्यावर दवाप्रमाणे जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी उतरते, टाकीला गंज चढविते आणि पंपापर्यंत पोचल्यास त्याचे गुळगुळीत भाग निकामी करते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून बुळबुळीत गाळ तयार होतो, तोही फिल्टर तुंबवितो. यास्तव टाकी सकाळी भरण्याऐवजी काम संपल्यावर सायंकाळीच भरून ठेवणे हितावह होय.

डिझेलची साठवण करताना पिंप छपराखाली, सावलीत आणि आगीपासून दूर ठेवावे. उघड्यावर उभे ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. पिंप थंड होताच आतील हवा आकसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढले जाते. नवे आणलेले पिंप किमान २४ तास हलवू नये, म्हणजे गाळ खाली बसतो. डिझेल काढणाऱ्या हातपंपाची नळी तळापासून ७-८ सेंटिमीटर वर असावी आणि तळचे डिझेल ट्रॅक्टरमध्ये घालू नये. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी वापरू नयेत, कारण जस्ताशी संयोग होऊन डिझेलमध्ये चिकट द्रव्य तयार होते. डिझेलचा कॅन केवळ डिझेलसाठीच राखून ठेवावा.

टाकी भरण्यापूर्वी झाकणाभोवतालची धूळ पुसून घ्यावी आणि बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. पुसण्यासाठी धागे सुटणारे फडके घेऊ नये. झाकण हरवल्यास तेथे चिंधी कोंबण्याची किंवा प्लॅस्टिकचा कागद बांधण्याची सवय अनिष्ट आहे. चिंधीतून पाणी व धागे आत जातात, तर प्लॅस्टिकमुळे हवेची वाट बंद होऊन डिझेलचा प्रवाहच थांबतो.

फिल्टरच्या तळाशी जमलेले पाणी व गाळ पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे नियमितपणे, पावसाळ्यात शक्यतो दररोज, काढून टाकावा. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये. त्याची छिद्रे फाटतात आणि गाळण्याचे काम होत नाही. तो बदलण्याची मुदत तासमापकावरून पाहावी. फिल्टर उघडण्यापूर्वी त्याचा बाहेरील भाग धुऊन कोरडा करावा आणि नवा फिल्टर ऐन वेळेपर्यंत वेष्टनातून काढू नये. बदलानंतर फीड पंपाचा हातदांडा चालवून, बुडबुडे थांबेपर्यंत, आतील हवा काढून टाकावी.

इंजेक्शन पंप किंवा इंजेक्टर मात्र शेतात कधीही उघडू नये. नोझलच्या छिद्रात तार घालणे म्हणजे ते कायमचे बिघडविणे होय. पंपाची दुरुस्ती चाचणी-यंत्र असलेल्या कार्यशाळेतच व्हावी. नळी सोडविणे भाग पडल्यास तिची दोन्ही तोंडे स्वच्छ टोपणांनी ताबडतोब बंद करावीत.

फिल्टर ही शेवटची गाळणी आहे, पहिली नव्हे. पहिली गाळणी म्हणजे पिंप, कॅन व नरसाळे हाताळणाऱ्याची दक्षता. एका फिल्टरचा खर्च पंपाच्या दुरुस्तीच्या मानाने अल्प असतो आणि स्वच्छ फडक्याला तर जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शेतकरी बांधवांनी व ट्रॅक्टरचालकांनी पावसाळ्यापूर्वीच टाकीचा तळ, झाकण व फिल्टर तपासून घेतल्यास चिखलणीच्या ऐन दिवसांत यंत्र अडून राहण्याची आपत्ती बव्हंशी टळेल.