सीमा कोणासाठी उघडी, कोणासाठी बंद?

सीमा खुली असावी की बंद, असा प्रश्न मोघमपणे विचारला की उत्तर प्रस्थापितांच्या सोयीचे येते. तो विसरवाडीसारख्या गावातून विचारून पाहावा.

सुरत-धुळे रस्त्यावरचे, नवापूर तालुक्यातील हे गाव. गुजरातची हद्द जवळच. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभंगले आणि पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गावे गुजरातेत गेली. रेषा भाषेच्या नावाने ओढली गेली. पण ज्यांच्या घरात मावची किंवा भिली बोलली जाते, त्यांची भाषा या वाटणीत कोणी जमेस धरली नाही. भाषावार राज्यांत अल्पसंख्य समूहांचे काय होईल, ही चिंता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ सालीच मांडली होती.

ही रेषा मजुराला अडवीत नाही. ऊसतोडीसाठी इथले आदिवासी दक्षिण गुजरातेत जातात. तिथे स्वस्त श्रम हवेच असतात. हक्क मागताना मात्र तीच रेषा आडवी येते. मावची, गावित, पाडवी ही नावे दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. तरीही स्थलांतरिताला मूळ राज्यातील दर्जावर नव्या राज्यात आरक्षण मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरविले. म्हणजे घाम सीमेपार जातो, हक्क अलीकडेच राहतो.

संविधानाची दृष्टी वेगळी आहे. कलम १९ प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य देते. त्याच कलमातील पाचवे उपकलम अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी त्यावर वाजवी बंधने घालू देते. महाराष्ट्रात १९७४ साली आदिवासींची जमीन शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय बिगरआदिवासीकडे जाण्यास बंदी झाली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. हे कुंपण माणसाभोवती नाही, त्याच्या जगण्याच्या आधाराभोवती आहे.

म्हणून ‘भूमिपुत्रां’च्या नावाने सबळांनी परप्रांतीय मजुराविरुद्ध उभारलेली भिंत आणि आदिवासीच्या सातबाऱ्याला दिलेले संरक्षण यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिली भिंत दुबळ्याला हाकलते. दुसरे संरक्षण त्याला उभे राहू देते.

मात्र कुंपणाची किल्ली कोणाकडे, हाही प्रश्न आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला हस्तांतरित जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार मान्य केला. तो कागदावर राहिला, तर संरक्षण हे साहेबाची मेहेरबानी ठरते. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी ग्रामसभेत बसून गावचे फेरफार वाचावेत, वाचून दाखवावेत. खरी सीमारेषा तिथे आहे.